एवढा पैसा असून ते जाहिरात का करतात?

(सोलापुरात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय तुमच्यापैकीच कुणीतरी दिला आहे. काय ऐकायला आवडेल, असं आयोजकांनी ग्रुपवर विचारलं होतं. शिष्यवृत्ती, परदेशी शिक्षण, एआय असं बरंच काही आलं. मध्येच एकाने लिहिलं, 'शाहरुखकडे एवढा पैसा आहे, मग तो वेलची कशाला विकतो?' त्यावर हसण्याच्या इमोजींची रांग लागली. मला मात्र तो प्रश्न त्या यादीत सगळ्यात भारी वाटला, म्हणून मी तोच घेतला.

आधी सांगतो, मी इंजिनिअर आहे. अर्थशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. पण नोकरीतली काही वर्षं ऑनलाइन जाहिराती दाखवणाऱ्या यंत्रणेवर काम केलं. कुठली जाहिरात कुणाला, किती वेळा, किती वाजता दाखवायची, हे ठरवणारा कोड आम्ही लिहायचो. तिथे एक सवय लागली. कुणी विचित्र वागताना दिसला की आधी त्याचा हिशेब मांडून बघायचा. बहुतेक वेळा तो विचित्र वागत नसतो, आपल्याला त्याचे आकडे माहीत नसतात.

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर एका शब्दात येतं, हाव. हे उत्तर मला पटत नाही. हाव सगळ्यांनाच असते, मलाही आहे. तिने काहीच उलगडत नाही. त्यापेक्षा हिशेब करू. आकडे माझ्या मनाचे आहेत, सोपे जावेत म्हणून घेतलेत. समजा एका नटाला एका सिनेमाचे चाळीस कोटी मिळतात. शूटिंग, डबिंग, मग प्रमोशनसाठी गावोगाव फिरणं, सगळे मिळून ऐंशी दिवस जातात. म्हणजे दिवसाला पन्नास लाख. आता एक कंपनी म्हणते, वर्षभर तुमचा चेहरा वापरू, दोन दिवस शूटिंगला या, पाच कोटी घ्या. म्हणजे दिवसाला अडीच कोटी. एका दिवसात पाचपट. शिवाय सिनेमा पडला तर नाव जातं. साबणाची जाहिरात पडली तर साबण पडतो, नट नाही.

आपल्याला वाटतं, माणूस श्रीमंत झाला की त्याने जाहिराती सोडाव्यात. कारण आपल्या डोक्यात जाहिरात म्हणजे जादाचं काम, ओव्हरटाइम. ओव्हरटाइम माणूस गरजेपोटी करतो, गरज संपली की बंद करतो. इथे गणित उलटं आहे. नट जितका मोठा, तितका त्याचा दिवस महाग, आणि कमी दिवसांत जास्त देणारं काम हेच. वय वाढलं, कष्ट कमी करायचे ठरवले, तर तो आधी सिनेमे कमी करेल. जाहिराती सगळ्यात शेवटी सोडेल.

दुसरी गोष्ट, प्रसिद्धी नासते. दुधासारखी. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी झळकली, ती आपली मराठी, लीला चिटणीस. तेव्हा त्यांचं नाव घरोघरी होतं. २००३ मध्ये त्या अमेरिकेत वारल्या. आज या सभागृहात किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? हात वर करा. (दोन हात.) बरं, दोन तरी आहेत. नट-नटींना ही भीती आपल्यापेक्षा नीट कळते. सिनेमा वर्षातून एखादा येतो, जाहिरात रोज रात्री बातम्यांच्या मध्ये येते. चेहरा लोकांच्या नजरेसमोर राहिला तर पुढचा सिनेमा मिळतो, सिनेमा चालला तर पुढची जाहिरात मिळते. म्हणजे जाहिरातीत कंपनी फक्त आपला माल खपवत नसते, नटाचीही आठवण ताजी ठेवत असते. तेही दुसऱ्याच्या खर्चाने.

खेळाडूंचं तर आणखी घाईचं. पस्तिशीत निवृत्ती. १९९५ मध्ये मार्क मस्करेन्हास यांच्या वर्ल्डटेल कंपनीने सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांचा करार केला, तेव्हा क्रिकेटपटूला कोट्यवधी रुपये मिळू शकतात यावर लोकांचा विश्वास बसेना. त्याच्या आधी क्रिकेटपटू जाहिराती करत नव्हते असं नाही. फारुख इंजिनिअर साठच्या दशकात ब्रिलक्रीम लावून झळकले होते. पण तो वरखर्चाचा पैसा होता. वर्ल्डटेलनंतर खेळ हे दुकान झालं आणि जाहिरात हा गल्ला. अमेरिकेत हे आधीच घडलं होतं. बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन १९८४ मध्ये नाइकीकडे गेला. पूर्ण कारकिर्दीत खेळण्याचा पगार म्हणून त्याला साधारण नऊ-साडेनऊ कोटी डॉलर मिळाले. आज त्याची संपत्ती अब्जावधी डॉलरची आहे, आणि तिचा मोठा भाग बुटांवरच्या रॉयल्टीतून आला. त्याने बुटाची जाहिरात केली असं म्हणणंही आता चुकीचं होईल. तो बुटाच्या धंद्यातला भागीदार आहे. आपल्याकडचे तारेही हल्ली फी ऐवजी कंपनीत हिस्सा मागतात, ते यामुळेच.

आणि काही वेळा गरज खरोखरच असते, आपल्याला दिसत नाही एवढंच. अमिताभ बच्चन यांची एबीसीएल कंपनी नव्वदच्या दशकात बुडाली, डोक्यावर प्रचंड कर्ज झालं. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं, आणि त्यानंतर तेलापासून सिमेंटपर्यंत ते सगळीकडे दिसू लागले. त्या काळात लोक म्हणायचे, यांना आता काय कमी आहे?

हे झालं घेणाऱ्याचं. देणाऱ्याचं काय? कंपनी वेडी आहे का? शाहरुख वेलची खातो म्हणून ती चांगली असेल, असं कुणीही मानत नाही. तरी पैसे दिले जातात. १९७४ मध्ये फिलिप नेल्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने याचं एक उत्तर दिलं, ते मला फार आवडतं. जाहिरातीत काय सांगितलं हे महत्त्वाचं नाही, जाहिरातीवर किती उधळलं हे महत्त्वाचं. एवढा पैसा ओतणारी कंपनी उद्या पळून जाणार नाही, एकदा फसवलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे तिलाही ठाऊक असणार, असं आपण नकळत धरून चालतो. थोडक्यात, महागडा तारा ही कंपनीची ऐपत दाखवायची पद्धत. लग्नात मुलीच्या घरी जाताना भाड्याची मोठी गाडी घेऊन जातात, तसं. गाडी भाड्याची असते हे सगळ्यांना माहीत असतं. तरी परिणाम होतो.

आणि ज्यात फसवणूक व्हायची ती इथेच होते.

आपल्या पतसंस्थेचा व्यवहार आठवा. कर्जाला जामीन लागतो. माझे अब्बा कुणाला जामीन राहायची वेळ आली की दोन-दोन दिवस झोपायचे नाहीत. अम्मी म्हणायची, सही करायच्या आधी त्याचं घर बघून या, बायकोशी बोलून या. कारण कर्जदार पळाला की संस्था जामीनदाराच्या दारात येते. जाहिरातीतला तारा हाही जामीनदारच. कंपनीला आपण ओळखत नाही, त्याला ओळखतो, म्हणून विश्वास ठेवतो. फरक इतकाच, की हा जामीनदार सही करायचे पैसे घेतो, आणि कर्जदार पळाला तर त्याच्या दारात कुणी येत नाही.

आमच्या क्षेत्रातही असे जामीनदार असतात. ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडली की शेजारी कुलूप दिसायचं ना, त्याच्या मागे एक सर्टिफिकेट असतं. 'ही साइट खरंच त्या बँकेची आहे' अशी सही करणाऱ्या काही कंपन्या असतात. २०११ मध्ये डिजिनोटार नावाच्या डच कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि तिच्या सहीने गुगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं. ते इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. ऑगस्टच्या शेवटी हे उघड झालं. सगळ्या ब्राउझरांनी त्या कंपनीची सही मानणं बंद केलं, आणि सप्टेंबर संपायच्या आत कंपनीचं दिवाळं वाजलं. धंदाच विश्वास विकण्याचा होता. विश्वास गेला, धंदा गेला.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. आम्रपाली ही नोएडाची बिल्डर कंपनी. महेंद्रसिंह धोनी तिचे ब्रँड अॅम्बॅसडर. लोकांनी आयुष्यभराची पुंजी भरली, फ्लॅट मिळेनात, मिळाले तिथे कामं अपुरी. २०१६ मध्ये तिथल्या रहिवाशांनी ट्विटरवर थेट धोनींनाच टॅग करायला सुरुवात केली. तुमच्या चेहऱ्याकडे बघून आम्ही इथे आलो, आता तुम्हीच बोला. त्या एप्रिलमध्ये धोनी बाजूला झाले. २०१९ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने आम्रपालीची नोंदणी रद्द केली आणि अपुऱ्या इमारती पूर्ण करायचं काम सरकारी एनबीसीसीकडे दिलं. बेचाळीस हजारांहून अधिक घर खरेदीदारांचा तो प्रश्न होता. आणि त्याच वर्षी धोनीही न्यायालयात गेले होते, कंपनीने आपल्या फीचे कोट्यवधी रुपये थकवले म्हणून. मला यात त्यांची टिंगल करायची नाही. तेही फसले असतील. पण बघा, जामीनदार आणि फ्लॅटवाले एकाच रांगेत उभे, आणि जामीनदाराच्या हातात कागद आहे 'माझे पैसे द्या' म्हणणारा. जामीनदाराने भरायचं असतं, हे तिथे कुणाच्या कागदावरच नव्हतं.

आता वेलचीकडे येतो, कारण मूळ प्रश्न तिचाच होता. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मग नाव तेच, अक्षरं तीच, पुडीचा रंग तोच, आणि आत वेलची. जाहिरातीत कुणी तंबाखूचं नावही घेत नाही. पण नाव कानावर पडत राहतं आणि टपरीवर माणूस ते नाव मागतो. अशा मालाला सगळ्यात मोठे तारे का लागतात, तेही सोपं आहे. मालाबद्दल काही बोलताच येत नाही. चव सांगता येत नाही, फायदा सांगता येत नाही. बोलायला फक्त चेहरा उरतो. मग चेहऱ्याची किंमत वाढणारच.

२०१६ मध्ये जेम्स बाँड झालेला पिअर्स ब्रॉस्नन एका पान मसाल्याच्या डब्यासोबत झळकला, आणि गदारोळ झाल्यावर म्हणाला की माझी दिशाभूल झाली. बाहेरच्या माणसाचं एकवेळ समजू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन कमला पसंदच्या करारातून बाहेर पडले, पैसे परत केले, आणि ही आडवाटेची जाहिरात आहे हे आपल्याला माहीत नव्हतं असं त्यांच्या वतीने सांगण्यात आलं. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी विमलच्या मोहिमेत सामील झाल्यावर काही दिवसांतच लोकांची माफी मागितली आणि फी चांगल्या कामाला देऊ म्हणाले. सुपारीत तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं आहे. इथून सत्तरेक किलोमीटरवर बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बघायला तिथे एकदा जा. त्याला नाव कुणाचं आहे? नर्गिस दत्त यांचं. तेही एका नटीचंच नाव, आणि त्या नावावरही लोक विश्वास ठेवूनच आत जातात.

चेहऱ्यावरचा विश्वास ही वाईटच गोष्ट आहे, असं मला म्हणायचं नाही. पोलिओचे 'दो बूँद' अमिताभ यांच्या तोंडून ऐकून लोकांनी पोरांना बूथवर नेलं. पश्चिम उत्तर प्रदेशात आपल्या समाजातल्या काही वस्त्यांत लसीबद्दल संशय होता, तिथे कुठल्याही नटाचं चाललं नाही. तिथे मशिदीचे इमाम, जामिया आणि अलीगढ विद्यापीठाची माणसं पुढे आली, स्वतः मुलांना डोस पाजले, तेव्हा दारं उघडली. जानेवारी २०११ नंतर देशात रानटी पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. त्या इमामांनी त्यासाठी जाहिरातीची फी घेतली नव्हती. त्यांनी आपली मुलंही त्याच रांगेत उभी केली होती.

तोच विश्वास दुसऱ्या बाजूनेही वापरला जातो, आणि ते तुमच्या-माझ्या घराच्या जास्त जवळचं आहे. बंगळुरूच्या आयएमए कंपनीचं नाव ऐकलं असेल. व्याज नाही, नफ्यात वाटा, शरियतला धरून गुंतवणूक. तिथे सिनेस्टार नव्हता, तिथे वजन होतं दीनदार माणसांचं आणि समाजकार्याचं. शिवाजीनगरची सरकारी शाळा कंपनीने चकाचक करून दिली होती. लोक म्हणाले, शाळा सुधारणारा माणूस फसवेल का? जून २०१९ मध्ये मालक दुबईला निघून गेला. पोलिसांकडे चाळीस हजारांच्या आसपास तक्रारी आल्या. त्यात विधवा होत्या, निवृत्त शिपाई होते, मुलीच्या लग्नाचं सोनं मोडून पैसे दिलेले बाप होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी उघड सांगितलं, अमुक मौलानांनी भरवसा दिला म्हणून ठेवले. त्या शाळेला लावलेला पैसा आता वेगळ्या नजरेने बघा. नेल्सन म्हणतो तीच उधळण. ऐपत दाखवायची, म्हणजे कुणी ताळेबंद मागत नाही.

म्हणून जाहिरातीतल्या ताऱ्यावर हसणं मला थोडं सोपं वाटतं. मोहल्ल्यातल्या इज्जतदार माणसाला 'चाचा, तुम्ही स्वतः यात किती ठेवलेत आणि तुम्हाला यातून काय मिळतं?' असं विचारणं अवघड आहे. आपल्याकडे तो उद्धटपणा मानतात. आणि विचारलं नाही तर पैसे अम्मीचे जातात.

कायदा हळूहळू जामीनदारापर्यंत पोचतोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल, ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. एक वर्षापर्यंत, आणि नंतर तीन वर्षांपर्यंत, जाहिरात करायला मनाईही होऊ शकते. सुटायचं असेल तर दाखवावं लागतं की मी दाव्यांची नीट खातरजमा केली होती. पाच कोटी घेणाऱ्याला दहा लाखांचा दंड म्हणजे पार्किंगची पावती, हे मलाही कळतं. मनाईची भीती मात्र खरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच महिन्यात भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन गेलं. कालपर्यंत 'टीम बनाओ' म्हणणारे खेळाडू एका आठवड्यात गप्प झाले.

पण कायद्याने भाग पाडायच्या आधीही नाही म्हणता येतं. हाशिम आमला दक्षिण आफ्रिकेच्या संघात आला तेव्हा संघाचा प्रायोजक बिअर कंपनी होती. त्याने बोर्डाला सांगितलं, हा लोगो मी घालणार नाही. बोर्डाने मान्य केलं. याच्या छातीवर लोगो नाही, आणि हा कसोटीत त्रिशतक ठोकतोय. त्याने त्यावर भाषणं दिली नाहीत, इतरांना नावं ठेवली नाहीत. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे, की त्याने हे नवखा असताना मागितलं, मोठा झाल्यावर नाही.

आता तुमच्यापैकी काही जणांशी वेगळं बोलायचंय. इथे रील बनवणारे आहेत. कुणाचे आठ हजार फॉलोअर, कुणाचे चाळीस हजार. मेहंदीचं पेज आहे, बिर्याणीचं आहे, एकाचं बाइक दुरुस्तीचं आहे, ते मीही बघतो. तुम्हाला मेसेज येतात. 'हाय डियर, पेड प्रमोशन?' लाल-हिरवा रंग ओळखा आणि पैसे जिंका, असं अॅप. किंवा ट्रेडिंग शिकवणारा टेलिग्राम ग्रुप. एका स्टोरीचे दोन हजार, पाच हजार. शाहरुखच्या हिशेबाचंच छोटं रूप आहे हे. पंधरा सेकंद, पाच हजार. महिनाभर मेहंदी काढून मिळतात तेवढे.

जाहिरात यंत्रणेवर काम केल्यामुळे एक गोष्ट मी खात्रीने सांगतो. त्या माणसाला तुमचे आठ हजार फॉलोअर नको असतात. त्यातले जे दोनशे तुम्हाला प्रत्यक्ष ओळखतात, ते हवे असतात. तुमची फुफी, वर्गातली मुलं, गल्लीतला रिक्षावाला भाई. ताऱ्याचा चेहरा लाखोंपर्यंत पोचतो पण पातळ होतो. तुमचा चेहरा दोनशे जणांसाठी घट्ट असतो, म्हणून तो स्वस्तात विकत घेणं त्यांना परवडतं. आणि पैसे बुडाल्यावर ते दोनशे लोक अॅपच्या ऑफिसात जाणार नाहीत, ते कुठे आहे हेच कुणाला माहीत नसतं. ते तुमच्या घरी येतील. ताऱ्याच्या दारात वॉचमन असतो, तुमच्या दारात तुमची अम्मी असेल.

जाहिरात करूच नका असं मी म्हणत नाही. अत्तरवाल्याची करा, क्लासची करा, पैसे घ्या, हक्काने घ्या. जानेवारी २०२३ च्या सरकारी सूचनांप्रमाणे पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर 'ही जाहिरात आहे' असं स्पष्ट दिसेल असं लिहायचं असतं, आणि ज्या भाषेत रील आहे त्याच भाषेत. म्हणजे मराठी रीलखाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी हॅशटॅग टाकून भागत नाही. मोठे तारेही हे पाळत नाहीत, तुम्ही पाळून बघा. मेसेज पाठवणाऱ्याला कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता विचारा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने विचारलं होतं. समोरून उत्तर आलं, 'सिस, सात हजार देतो.' तिने पुन्हा पत्ता विचारला. त्याने ब्लॉक केलं.

बराच वेळ घेतला. ज्याने तो वेलचीचा प्रश्न लिहिला होता तो आलाय का? पहिला प्रश्न त्याचा.